चतुर्थीची ओहोटी

दिवाळीचा फराळ संपत आला आणि पाहुणेमंडळी आपापल्या घरी परतली, की आमच्यासारख्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो: "यंदा कुठे जायचे?" हिमालय खर्चात बसत नाही, महाबळेश्वर दोनदा पाहून झालेले असते, आणि गोव्याला जायचे तर चार दिवस तरी हाताशी हवेत. मग कोणी तरी म्हणते, "अलिबागला जाऊन येऊ या की! दोन दिवसांचे तर काम!" सगळ्यांना ते पटते आणि भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरते. कोणत्या शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली आहे याचा शोध सुरू होतो.

पहिली चूक होते ती इथेच. मी स्वतः ती केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

मुंबईकर माणूस अलिबागला पूर्वीपासून जरा कमीच लेखतो. "मी काय अलिबागहून आलोय का?" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी तोंडातून काढलेले आहे. या वाक्याने अलिबागकरांचा अपमान होतो, सबब त्याला बंदी घालावी, असा अर्ज २०१९ साली थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने तो फेटाळला. विनोद मनावर घेऊ नये, असाच एकंदर सूर होता. पण खरे सांगायचे तर अलिबागच्या किनाऱ्यावर भलत्या वेळी जाऊन उभ्या राहिलेल्या ठाणेकर-मुंबईकरांची जी तोंडे होतात, ती पाहिली म्हणजे कोण कुठून आले आहे हा प्रश्न अलिबागकरांनीच विचारावा असे वाटते.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही पाच जण निघालो: मी, सौ., कन्या, चिरंजीव आणि आमची आत्या. आत्या शहात्तर वर्षांची. माहेर अलिबागजवळ नागावचे, म्हणजे आमचे मूळ घर तेच. लग्न होऊन ती गेली सोलापूरला आणि पुढे बावन्न वर्षे तिकडेच राहिली. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे ठाण्याला आली. तिने आयुष्यात आमच्यापाशी फारसे काही मागितलेले नाही. एकदा मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, कुलाब्याच्या किल्ल्यातल्या गणपतीला एकदा घेऊन चल मला. गुडघे आहेत तोवर."

कुलाबा म्हणजे मुंबईतला नव्हे. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात खडकावर उभा असलेला किल्ला. शिवाजीमहाराजांनी १६८० साली, म्हणजे अखेरच्या वर्षी, त्याचे काम सुरू करविले आणि संभाजीमहाराजांनी ते पुरे केले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी आरमाराचे मुख्य ठाणे इथे थाटले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. पूर्वी या साऱ्या जिल्ह्यालाच कुलाबा म्हणत. १९८१ साली त्याचे रायगड झाले. किल्ल्याचा विशेष असा की भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला जमिनीला जोडला जातो. दिवसातून दोनदा वाट उघडते नि दोनदा मिटते. इंग्रजांच्या तोफांना न जुमानणारा हा किल्ला आमच्या शनिवार-रविवारला जुमानील, असे मी का समजलो कोण जाणे!

शनिवारी बारा वाजता पोचलो. खोली घेतली होती "समुद्र दिसेल" या आश्वासनावर. समुद्र दिसत होता खरा, पण न्हाणीघराच्या झरोक्यातून, तोही स्टुलावर उभे राहिल्यास. जेवलो, सुरमईवर ताव मारला आणि प्रवासाचा शीण म्हणून तासभर लवंडलो. तासाचे तीन तास झाले. साडेपाचला आत्या चांगली साडी नेसून, हातात जास्वंदीची पुडी घेऊन वाळूत उतरली, तेव्हा घोडागाडीवाले किल्ल्याकडून परत येत होते आणि घोड्यांच्या पोटाला पाणी लागत होते. "आता नाही जमायचे, आजी. तीनला यायचे होते," एक जण म्हणाला. उद्या बघू, म्हणून परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून किनारा गाठला, तर समुद्र चढतच चाललेला. दहाच्या सुमारास तो अगदी काठोकाठ भरला. वाट उघडायची ती दुपारी पावणेचारला, आणि आमच्या परतीच्या गाडीची तिकिटे होती दोनची. आत्याने पुडी सोडून जास्वंदी पाण्यात सोडल्या. म्हणाली, "असू दे रे. किल्ला कुठे पळतोय!" किल्ला पळणार नव्हता, पण तिचे गुडघे दर थंडीत थोडे थोडे पळत होते, ते आम्हांला दिसत होते.

गाडीत मी समुद्राला बोल लावीत होतो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काल द्वादशी होती ना? मग तीनलाच सुकती. तुम्ही शिकलेली माणसे, मला वाटले पाहिले असेल."

मराठीचा प्राध्यापक असून मला हा हिशेब ठाऊक नव्हता. कोकणच्या काठावर तो लहान पोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी म्हणजे बारा. बाराचे पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती आणि रात्रीही नऊला. त्यात सहा तास मिळवले की दुपारी तीनला ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा.

यात जादू काही नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. आपल्या पूर्वजांनी पन्नासाऐवजी पंचेचाळीस, म्हणजे पाऊण तास धरला, कारण पाऊणकी पाठ असे. त्यामुळे कधी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. बेत आखायला हा हिशेब पुरतो. पाण्यात पाय घालण्यापूर्वी मात्र त्या दिवसाचे छापील कोष्टक पाहावे. ते वर्तमानपत्रात मिळते आणि हातातल्या मोबाइलवरही.

वेळेइतकेच महत्त्व आहे पाण्याच्या मापाला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. मुंबईकडच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, आणि जितके चढते तितकेच लांब ओसरते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्याला कोकणात भांग म्हणतात. म्हणजे गंमत पाहा: अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, अगदी सोयीची, पण वाट पुरती मोकळी होईलच असे नाही. पौर्णिमेला वाट लख्ख मोकळी, पण ती पहाटे पाचच्या सुमारास आणि संध्याकाळी दिवेलागणीला. मग किल्ल्यासाठी उत्तम दिवस कोणते? उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. तेव्हा द्वितीया ते पंचमी. तृतीयेला ओहोटी सकाळी सव्वाआठला, चतुर्थीला नऊला, पंचमीला पावणेदहाला. ऊन चढायच्या आत जाऊन येता येते, आणि पाणी घोट्याच्या वर सहसा येत नाही.

चतुर्थीला नऊला! मी हे कागदावर मांडून आत्याला दाखविले, तेव्हा ती हसली. "मग आम्ही लहानपणी संकष्टीला कसे जात होतो? उपाशीपोटी निघायचे, दर्शन घ्यायचे नि पाणी फिरायच्या आत घरी."

बेत पुन्हा ठरला. माघ वद्य चतुर्थी आली होती शुक्रवारी. इथे खरी अडचण उभी राहिली, कारण तिथीला वाराची पर्वा नसते. सौ. बँकेत, गुरुवार-शुक्रवारची रजा म्हणजे वरिष्ठांचे कपाळ आठ्यांनी भरणार. चिरंजीव आठवीत, त्याची चाचणी. कन्येचे काय, ती कॉलेजात आहे आणि कॉलेज बुडाल्याचे दुःख तिला आवरता येते. दोन दिवस घरात खल झाला. "शनिवारी पंचमी आहे, पावणेदहाला ओहोटी, तेवढ्यावर भागवा ना," सौ. म्हणाली. हिशेबाने ते चुकीचे नव्हते. पण आत्याला संकष्टी हवी होती, आणि ती हवी आहे असे ती तोंडाने म्हणत नव्हती. शेवटी सौ.नेच रजेचा अर्ज टाकला. चाचणी बुडाली. तिचे गुण आज कोणाला आठवत नाहीत, चिरंजीव सोडून.

आडवारी जाण्याचा एक फायदा पदरात पडला. शनिवारच्या खोलीला जे पैसे पडले होते, त्याहून पुष्कळ कमी पैशांत यंदा बरी खोली मिळाली, तळमजल्यावर. वडीलधारे माणूस बरोबर असेल तर समुद्र दिसण्यापेक्षा तळमजला महत्त्वाचा, हे मी अनुभवाने सांगतो. समुद्र चालत जाऊन पाहता येतो.

जाण्याच्या वाटेचे थोडे सांगायला हवे. मुंबईहून दोन वाटा. एक खुष्कीची: पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू झाल्यापासून मोटारवाल्यांचे पहिले अंतर कमी झाले. पुढच्या वडखळ नाक्यावर सुट्टीच्या दिवशी जो काळ जातो, त्याला मात्र सेतूचा इलाज नाही. दुसरी वाट पाण्याची: गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, तिथून बसने अर्धा-पाऊण तास. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारीसकट नेणारी मोठी बोटही आहे. लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा जूननंतरचा बेत या वाटेने आखू नये.

आम्ही मात्र एसटीनेच गेलो, कारण आत्या पाण्याच्या वाटेने येत नसे. आमच्या घरात कोणीच येत नसे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी पाण्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलेले. आत्याचा थोरला काका त्या बोटीवर होता. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. पण घरात तो नियम होऊन बसला, आणि बोट म्हटली की वडीलमंडळी विषय बदलत.

गुरुवारी दुपारी पोचलो तेव्हा समुद्र नुकताच पूर्ण भरून परतू लागला होता. मुलांना लगेच पाण्यात शिरायचे होते. "आत्ता नाही," आत्या म्हणाली. उतरते पाणी माणसाला आत ओढते. न्हायचे तर चढत्या पाण्यात, तेही कमरेच्या आत. शहरी मुलांना समुद्र म्हणजे मोठा तलाव वाटतो. दर वर्षी या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांच्या बातम्या येतात, त्यांत पोहणारेही असतात. तेव्हा मुले वाळूत खेकड्यांमागे धावली. रात्री खोलीवाल्याने अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. वालाचा हंगाम सरत आला होता, तरी शेंगांना तो पाल्याचा उग्र वास लागला होता तो लागलाच होता.

शुक्रवारी साडेसातला किनाऱ्यावर आलो. समुद्र दूर गेलेला. काल जिथे लाटा होत्या तिथे ओली, कडक वाळू आणि काळे खडक. माणसे चालत निघालेली. आत्याला घोडागाडीत बसवले, सौ. तिच्याबरोबर, आम्ही तिघे पायी. वीस-पंचवीस मिनिटांची चाल. तटाजवळ पोचल्यावर मुलांना दाखविण्यासारखे पहिले काही असेल तर तो तटच. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत दोन तोफा आहेत, गाड्यांवर बसवलेल्या, इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या कारखान्यात ओतलेल्या. गंमत अशी की त्यांच्यावर साल आहे १८४९. आणि आंग्र्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले १८४० साली. तेव्हा त्यांच्याजवळ उभे राहून कान्होजींच्या पराक्रमाची छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना मी काही बोललो नाही, पण कन्येने ते साल वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

गणपतीचे देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधले. पंचायतन आहे: गणपतीसोबत शंकर, विष्णू, सूर्य, देवी. पुढे पुष्करणी. चोहोकडे खारे पाणी असताना किल्ल्यातल्या विहिरीला गोडे पाणी आहे, हे चिरंजीवांना पटेना. चव घेतल्यावर पटले. आत्या गाभाऱ्यापुढे बसली. किती वेळ बसली ते मी सांगू शकत नाही, कारण मी घड्याळाकडे पाहत होतो.

घड्याळाकडे पाहणे भाग आहे, ते असे. ओहोटी नऊला म्हटल्यावर दहापर्यंत निर्धास्त राहावे आणि त्यानंतर निघावे. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. जुने खलाशी बाराचा हिशेब सांगतात: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास पाणी हललेच नाही असे वाटते; त्याच भरवशावर माणसे रेंगाळतात, आणि तिसऱ्या तासात वाट नाहीशी होते. मग हट्टाने पाण्यात उतरण्याऐवजी आतच थांबावे, होडी मिळाली तर होडीने यावे, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट पाहावी. त्यात लाज काही नाही.

पावणेदहाला मी आत्याला हाक मारली. ती उठली आणि गाडीकडे न जाता वाटेला लागली. "चालत जाते," म्हणाली. सौ.ने डोळे वटारले; मी गप्प बसलो. एक हात कन्येच्या खांद्यावर, साडी घोट्यापर्यंत वर खोचलेली. मध्ये दोनदा खडकावर टेकली. एका जागी वीतभर पाणी होते, त्यात ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.

अलिबागेत आणखी पाहण्यासारखे नाही असे नाही. कान्होजींची समाधी आहे, हिराकोट आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे. गावाला नाव मिळाले ते त्यांच्यातल्याच अली नावाच्या कोणा बागाईतदारावरून, असे सांगतात. किहीमला सालिम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. चौल-रेवदंड्याला एक वेगळा दिवस हवा. लोक दोन दिवसांत हे सारे कोंबतात आणि परत येऊन आठवडाभर पाय चेपतात.

एक वास्तू मात्र मला नेहमी मोह घालते, ती म्हणजे किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. पुढे शहरात विजेच्या ट्रामचा घाट घातला गेला. त्या विजेने सुया थरथरणार, म्हणून अधीक्षक मूस यांनी १९०४ साली उपकरणे अलिबागला हलविली. दोन वर्षे दोन्हीकडे मोजणी ठेवून मेळ घातला आणि १९०६ पासून सारे काम इथे. इमारतीत लोखंड वापरलेले नाही. दगडही चुंबकत्व नसलेला, पोरबंदरचा. मुंबईच्या गलबल्याला कंटाळून अलिबाग गाठणाऱ्यांत त्या सुया अशा फार आधीच्या. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. सुया अजून अलिबागेतच आहेत.

शनिवारी सकाळी निघताना आत्या बाजारात पांढऱ्या कांद्याची माळ घेत होती. भातानंतरच्या जमिनीत होणारा, तिखटपणा नसलेला हा कांदा. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा त्या नावावर दुसराच कांदा गळ्यात बांधणारेही आहेत. आत्याने एक फोडून चाखला, मग पैसे दिले. एसटी स्टँडकडे वळलो, तर म्हणाली, "तुमची ती लाँच किती वाजता असते?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी काही विचारले नाही. मांडव्याच्या जेट्टीवर तिने माझा दंड घट्ट धरला, तो लाँच सुटल्यावरही सोडला नाही. खालच्या मजल्यावर खिडकीपासून लांब बसली, डोळे मिटून. अर्धी वाट गेली असेल. वर समुद्रपक्षी लाँचच्या मागे लागले होते, मुलांचा ओरडा चालला होता. तिने डोळे उघडले आणि विचारले, "रेवस कुठल्या अंगाला?"

मी हात केला. ती उठली, कठड्याशी गेली, त्या बाजूला तोंड करून हात जोडले. मग पिशवीतून कालच्या प्रसादाचा उरलेला नारळाचा तुकडा काढला आणि पाण्यात सोडला. एका पक्ष्याने त्यावर झडप घातली.

"घेऊ दे त्याला," आत्या म्हणाली, आणि गेटवे दिसेपर्यंत तिथेच उभी राहिली.